डब्यावरचा नंबर

गॉरी, ९ मार्च

लिअँडर,

आमच्याकडे सगळे बरे आहेत. मेपलचा रस गळायला लागलाय, तो उकळून पाक करतोय, त्यामुळे घरभर वाफ आणि सगळ्यांचे हात चिकट. रविवारी सेलिना आणि नोआ जेवायला आले होते. लग्नाला वर्ष झालं नाही तोच आमची लेक मला शेवया कशा कापाव्यात ते शिकवायला लागली आहे. जावई मात्र गुणी आहे, मुकाट्याने दोन्ही घरच्या शेवया खातो. मी त्यांना लग्नात दिलेली टिली घोडी आता नोआच्या हाताला छान सरावली आहे. दोघं तुझी चौकशी करत होते.

आता कामाचं. आपल्या डॅटची घोड्याच्या पोटाची पूड तुला आठवत असेलच, लहानपणी साखर समजून चाटली होतीस ती. डॅट गेल्यापासून बापाचा खलबत्ता माझ्याकडे आहे आणि आसपासच्या निम्म्या तबेल्यांत ती पूड जाते. लोक स्वयंपाकघराच्या दाराशी येतात, मी पिशवी भरून देते आणि डॅट ऐकवायचे तेच वाक्य ऐकवते. घोडं खायचं थांबलं आणि लोळायला लागलं, तर ही पूड विसरा, फोनवाल्या शेजाऱ्याकडे पळा आणि डॉक्टर बोलवा. लोक हसतात, कारण ते त्यांना पाठ झालंय.

पण माझे गुडघे आता सारखं दाराशी उठून जायला कुरकुरतात. म्हणून म्हटलं, पूड आयझॅक वाइडमनच्या खोगिरांच्या दुकानात ठेवावी. तर तो म्हणतो, शेजारच्या गावात सरकारी माणूस येऊन गेला, आता घोड्याच्या पोटात जाणारं काहीही नंबराशिवाय फळीवर ठेवणार नाही. तू जिथे नोकरी करतोस तिथूनच हे नंबर निघतात ना? मग एक इकडे पाठवून दे. बाप्तिस्मा घेऊन आपल्या पंथाचा व्हायच्या आधीच शहरात पळालास, त्याचा आम्हाला निदान एवढा तरी उपयोग होऊ दे.

आल्मीडा

*

ओटावा, १५ मार्च

आल्मीडा,

तुझं पत्र ऑफिसातून आल्यावर कोटही न काढता वाचलं. घर सोडल्यापासून तू माझ्याकडे पहिल्यांदाच काही मागितलंस, त्याचा फार आनंद झाला.

पूर्वी विचारलं असतंस तर मी तुला खलबत्ता पालथा घालायला सांगितलं असतं. तेव्हा डॅटच्या पुडीला औषधाचेच नियम लागले असते. चाचण्या, प्रयोगशाळेचे अहवाल, कारखान्याची तपासणी. तुझं स्वयंपाकघर बघून तपासनिसाने कपाळाला हात लावला असता. आता ज्यात धोका कमी अशा गोष्टींसाठी सोपा मार्ग केलाय. पुडीतला प्रत्येक पदार्थ आमच्या मान्य यादीत असला आणि ती कुठला रोग बरा करते असा दावा तू केला नाहीस, तर विकायला काढण्यापूर्वी आम्हाला नुसतं कळवायचं. आम्ही नंबर देतो. पूड कुणी मागवत नाही, कुणी तपासत नाही. सगळं तुझ्या शब्दावर.

तू माझी बहीण, म्हणून तुझी फाइल माझ्या टेबलावर येणार नाही, ती थिबोदो बाईंकडे जाईल. पण अर्ज कॉम्प्युटरवरच भरावा लागतो. तो मी घरी बसून तुझ्या वतीने भरला तर चालेल असं बाईंनी सांगितलंय. बिशपना विचारून बघ. तुमच्या पंथात स्वतःची मोटार ठेवलेली चालत नाही, पण भाड्याच्या मोटारीत बसलेलं चालतं, त्यातलाच प्रकार म्हणायचा. आणि पुडीत काय काय आहे ते खरं खरं कळव. ते सगळं डब्यावर छापावं लागतं, आणि दाव्यादाखल 'पचन चांगलं राहण्यास मदत करते' एवढंच.

लिअँडर

*

गॉरी, २४ मार्च

लिअँडर,

बिशपनी परवानगी दिली. म्हणाले, बटणं तो दाबणार, तू नाही, आणि तो आधीच आपल्यातून गेलाय. हे ते हसतच म्हणाले, तेव्हा मनाला लावून घेऊ नको.

पुडीत जवस, इसबगोल, बडीशेप आणि एल्मची साल आहे. डॅटनी हे आईलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं, आणि मी सरकारला सांगतेय. पण खरं विचारलंय म्हटल्यावर खरं सांगायचं.

तुझ्या पत्रातला एक भाग मी बिशपना वाचून दाखवला. सगळं माझ्या शब्दावर, तो. आपण कोर्टात शपथ घेत नाही म्हणून आजोबांना किती वेळा ताटकळत ठेवलं होतं, आठवतं? आपल्या माणसाचं 'हो' म्हणजे पुरतं वजनाचं हो, हे सरकारी लोकांना कधी कळलं नाही. आणि आता तेच म्हणताहेत, तुम्ही सांगाल ते खरं. मला फार बरं वाटलं, पोरा. डब्यावर मात्र 'पचन चांगलं राहण्यास मदत करते' एवढंच लिहायचं म्हणतोस, ते अगदीच मिळमिळीत आहे. पचन तर ओट खाऊनही चांगलं राहतं.

आल्मीडा

*

ओटावा, १२ एप्रिल

आल्मीडा,

नंबर मिळाला, सोबतच्या कागदावर आहे. तसाच्या तसा डब्यावर छापून घे. खाली बारीक अक्षरात एक ओळ येईल, त्रास कायम राहिला तर जनावरांच्या डॉक्टरांचा सल्ला घ्या, अशी. ती सगळ्यांच्याच डब्यावर असते.

मिळमिळीत वाक्याबद्दल बोलायचं तर ते मुद्दामच तसं ठेवलंय. तू फार काही म्हणत नाहीस, म्हणूनच आम्ही फार काही विचारत नाही.

लिअँडर

*

गॉरी, २० मे

लिअँडर,

डबे इतके खपताहेत की सुनेला खलबत्त्याला बसवलंय. माउंट फॉरेस्टकडचे लोक बग्ग्या घेऊन येतात. आयझॅकने नंबर चांगला ठसठशीत छापून घेतला, तुझी ती बारीक ओळ मात्र त्याच्या चष्म्यातूनही दिसत नाही. तो गिऱ्हाइकाला डबा देताना म्हणतो, ओटावाने तपासलेली पूड आहे.

मी त्याला तुझं पत्र दाखवलं. म्हटलं, कुणी तपासलेली नाही, मी सांगितलं आणि त्यांनी लिहून घेतलं. तर तो म्हणाला, "न बघता नंबर कोण देतं गं? आपण तरी न बघितलेल्या गोष्टीला हो म्हणतो का?" शिवाय तुला प्रत्येक गोष्ट कमी करून सांगायची खोड आहे, दुसरीत पहिला आलास तेव्हा घरी म्हणाला होतास की बाकीची मुलं आजारी होती. खरं सांगू का, मलाही वाटतं की कुणीतरी बघितलं असणार.

नोआने एक डबा तबेल्यात टिलीच्या डोक्याशी खिळ्यावर लटकवलाय. येणाऱ्या जाणाऱ्याला नंबर दाखवतो. सासूचं इतकं कौतुक करणारा जावई मी दुसरा बघितला नाही.

दाराशी आता कुणी येत नाही. गुडघ्यांना आराम आहे, पण दुपारी जरा चुकल्यासारखं वाटतं.

आल्मीडा

*

ओटावा, २७ मे

आल्मीडा,

हे पत्र नीट वाच आणि मी काही कमी करून सांगतोय असं समजू नकोस.

कुणीही बघितलेलं नाही. ना मी, ना थिबोदो बाईंनी. बाईंनी तुझ्या चार पदार्थांची नावं यादीशी ताडून पाहिली, दावा वाचला आणि नंबर दिला. पूड कुठल्या घोड्याला लागू पडते की नाही, हा प्रश्न आमच्या खोलीत कुणी विचारतच नाही. नंबराचा अर्थ एवढाच, की अशी एक वस्तू बाजारात आहे हे आम्हाला माहीत आहे.

डॅट ऐकवायचे ते वाक्य आता कोण ऐकवतं? दाराशी कुणी येत नाही म्हणालीस, तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच घोळतंय. आयझॅकला सांगून दुकानात एक पाटी लाव. नाहीतर तू स्वतः जाऊन सांग. उशीर करू नकोस.

लिअँडर

*

गॉरी, १८ जून

लिअँडर,

टिली गेली.

रविवारी सकाळी तिने ओट टाकले आणि कुशीकडे वळून वळून बघायला लागली. नोआने पूड दिली. सेलिना म्हणाली, प्रार्थनेला जाताना वाटेत फोनवाल्याकडे थांबू या. तो म्हणाला, रविवारी कशाला डॉक्टरला त्रास, आता तर नंबरवाली पूड आहे. थोड्या वेळाने त्याने आणखी दिली आणि दोघं त्याच्या भावाच्या बग्गीतून प्रार्थनाघरात आले. मी बायकांच्या बाकावरून सेलिनाला बघितलं, ती माझ्याकडे बघून हसली. मला काही माहीत नव्हतं. माझ्यापासून हातभर अंतरावर होती, विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, आणि मी तिला हाताला धरून बाहेर काढलं असतं.

दुपारी घरी परत गेले तेव्हा टिली आडवी होती. मग डॉक्टरला बोलावलं. त्याने पोटाला नळी लावून ऐकलं आणि म्हणाला, आतड्याला पीळ पडलाय, सकाळीच बोलावलं असतंत तर काही करता आलं असतं. खिळ्यावरचा डबा त्याने फिरवून बघितला आणि परत लटकवला, असं सेलिना सांगते.

तुझं पत्र मला आधीच मिळालं होतं. पाटीचं मी आयझॅकला सांगितलं होतं. तो म्हणाला, पुढच्या आठवड्यात सुताराकडून करून घेऊ.

दुसऱ्या दिवशी सकाळी नोआ आला. टोपी हातात धरून दारात उभा राहिला आणि म्हणाला, आम्ही तुम्हाला क्षमा केली, मनात काही ठेवू नका. मी अजून क्षमा मागितलीही नव्हती. मला वाटत होतं, तो ओरडेल. मग मीही ओरडेन, त्याला म्हणेन, अरे वेड्या, डॅटचं वाक्य तू माझ्याच दाराशी उभं राहून ऐकलं होतंस. पण माफ केलेल्या माणसाला तोंडच उरत नाही. मी त्याला कॉफी दिली आणि ती पिऊन तो गेला.

आता तू एवढं कर. डब्यावर मोठ्या अक्षरात छापायची सोय करून दे: घोड्याला पोटशूळ उठला तर ही पूड त्याला बरं करणार नाही, डॉक्टरला बोलवा. बाकी मला काही नको.

आल्मीडा

*

ओटावा, २६ जून

आल्मीडा,

टिलीचं वाचलं. सेलिनाला काय लिहावं ते कळत नाही, तिला माझं प्रेम सांग.

तुझं वाक्य घेऊन मी थिबोदो बाईंकडे गेलो. तसं छापता येत नाही. अशा डब्यावर रोगाचं नाव आलेलं चालत नाही. मी म्हटलं, पण माझी बहीण ‘बरं करते’ म्हणत नाहीये, बरं करत नाही म्हणतेय. बाईंनी ते दोनदा वाचलं. त्या मनाने वाईट नाहीत, त्यांच्या घरी आजारी कुत्रं आहे. त्या म्हणाल्या, डब्यावर पोटशूळ हा शब्द दिसला की अर्ध्या लोकांना वाटणार ही पोटशुळाची पूड आहे, म्हणून नियम तसा आहे. आणि ते चुकीचंही नाही, आल्मीडा. मी सगळा दुसऱ्या बाजूने विचार करून बघितला. नावच घालायचं असेल तर ते औषध ठरतं, मग पुन्हा चाचण्या, प्रयोगशाळा आणि तपासणी, आणि ते काही तुझ्याच्याने होणार नाही.

बारीक ओळ आहे तशी राहील. मी वरच्या साहेबांना पत्र लिहिलंय. त्यांचं उत्तर आलं, की सूचनेबद्दल आभार.

मी इथे सकाळपासून संध्याकाळपर्यंत असे नंबर देतो. आतापर्यंत मला ते चांगलं काम वाटत होतं. छोट्या माणसांना उगाच छळायचं नाही, हे मला मनापासून पटलेलं होतं. अजूनही पटतं. फक्त आता प्रत्येक अर्जाच्या पलीकडे एक खिळा आणि त्यावर लटकलेला डबा दिसतो, आणि त्याचं काय करावं ते समजत नाही.

लिअँडर

*

गॉरी, ३ जुलै

लिअँडर,

मग नंबर परत घ्या. मी पूड विकणार नाही. उरलेली होती ती डुकरांपुढे टाकली आणि खलबत्ता माळ्यावर चढवला. आयझॅकला वाईट वाटलं, पण तो रागावला नाही. इथे कुणी रागावतच नाही.

आल्मीडा

*

ओटावा, १० जुलै

आल्मीडा,

रद्द झालं. मिळायला लागला त्याहून कमी वेळ लागला. कारण विचारलं होतं, तिथे मी 'उत्पादकाची इच्छा' असं लिहिलं. दुसरं काही लिहायला तिथे जागा नव्हती.

तू केलंस ते बरोबर केलंस असं मला वाटतं. जरा विश्रांती घे.

लिअँडर

*

ओटावा, १७ सप्टेंबर

आल्मीडा,

हे मी तुला सांगायला नको. नोकरीच्या दृष्टीने तर अजिबात नको. पण तुला दुसऱ्या कुणाकडून कळावं हेही मला सहन होणार नाही.

आज सकाळी माझ्या टेबलावर एक अर्ज आला. घोड्यांसाठी पूड, पचन चांगलं राहण्यास मदत करते. जवस, इसबगोल, बडीशेप, एल्मची साल. तुझ्या डब्यावर होते त्याच क्रमाने. अर्ज भरून देणारा कुणीतरी भाड्याच्या मोटारीचा ड्रायव्हर आहे आणि बनवणाऱ्याचं नाव नोआ बाउमन.

मी त्यात चूक शोधली. खरंच शोधली, यादी पुन्हा पुन्हा ताडून पाहिली. काही चुकलेलं नाही. मग नात्यातला माणूस आहे असं सांगून फाइल पलीकडच्या टेबलावर दिली, आणि दिली तेव्हाच मला माहीत होतं की तिथे काय होणार. जेवणाच्या सुट्टीनंतर नंबर निघाला. पलीकडचा मुलगा मला म्हणाला, किती स्वच्छ अर्ज आहे, सगळ्यांनी असेच भरले तर काय हवं.

घोडी कशी मेली, असं त्या अर्जात कुठेही विचारलेलं नाही. विचारलं असतं तर नोआने खरं सांगितलं असतं. तू त्याच्याशी बोल. मला दुसरं काही सुचत नाही.

लिअँडर

*

गॉरी, ६ ऑक्टोबर

लिअँडर,

तुझ्या पत्राच्या आधीच नोआ स्वतः सांगून गेला होता. काही लपवाछपवी नव्हती. सेलिनाने केलेला सफरचंदाचा केक घेऊन आला होता. म्हणाला, तुम्ही टिलीपायी स्वतःला शिक्षा करून घेताय ते आम्हाला बघवत नाही. पुडीचा काय दोष? टिलीचं जाणं देवाच्या मनात होतं. तुम्ही थकलात, आता हे काम आम्ही उचलतो, म्हणजे तुमच्या मनावरचं ओझंही जाईल. आयझॅककडे लोक रोज विचारतात.

मी त्याला सगळं सांगितलं. तुझी आधीची पत्रं वाचून दाखवली. कुणी बघत नाही, कुणी तपासत नाही, नुसती नावं ताडतात, हे अगदी मुलाला सांगावं तसं सांगितलं. त्याने एकदाही मला मधे तोडलं नाही. शेवटी म्हणाला, "पण आई, तुमचा नंबर त्यांनी तुम्ही मागितल्यावर लगेच काढून घेतला. म्हणजे त्यांचं लक्ष आहे ना. आणि तरीही त्यांनी मला तीच पूड विकायला दिली. काही वाईट असतं तर दिली असती का?"

मी बिशपकडे गेले. ते म्हणाले, तो खोटं बोलत नाही, कुणाला फसवत नाही, सरकारचा कायदा पाळतो, मी त्याला कशासाठी अडवू? आणि हळूच विचारलं, तुझ्या मनात जावयाबद्दल काही अढी तर नाही ना? त्यानंतर मी तो विषय काढला नाही. माझंच मन तपासायची वेळ आली.

म्हणून आता दर शनिवारी मी आयझॅकच्या दुकानात जाऊन बसते. गल्ल्याशेजारी त्याने मला एक खुर्ची दिली आहे. डबा घेणाऱ्या प्रत्येकाला मी डॅटचं वाक्य ऐकवते. लोक आदराने उभे राहून ऐकतात, मान हलवतात, माझ्या गुडघ्यांची चौकशी करतात. मग डबा फिरवून नंबर बघतात आणि बग्गीत ठेवतात. पूर्वी ते हसायचे. आता हसत नाहीत, आणि मला त्याचीच भीती वाटते. म्हातारीची जखम अजून भरली नाही असं त्यांना वाटतं. आणि आठवड्याच्या बाकीच्या दिवशी तर तिथे मीही नसते.

काल सेलिना दुकानात नव्या डब्यांची पेटी घेऊन आली. तिला दिवस गेलेत, अजून कुणाला सांगितलेलं नाही, पण माझ्या नजरेतून सुटत नाही. त्यांची नवी घोडी शर्यतीच्या मैदानावरून आणलेली, जरा बुजरी आहे. मी सेलिनाच्या दंडाला धरून तेच वाक्य पुन्हा म्हटलं, माझ्या स्वतःच्या मुलीला, भर दुकानात. माझा आवाज चढला असावा, कारण आयझॅक आतल्या खोलीत निघून गेला. ती मला म्हणाली, "आई, तू आता काळजी करू नको. या वेळी नोआने स्वतः सगळं खरं खरं लिहून दिलंय."

मग ती पेटी उघडायला वाकली. तिला अशा अवस्थेत वाकू द्यायचं नव्हतं, म्हणून डबे मीच एकेक काढून फळीवर लावले. ती बाजूला उभी राहून सांगत होती, नंबर पुढे येऊ दे.

आल्मीडा